पालेंकेचं गटार

दिनकर टिपणीसांना किळस फार लवकर येते. मेट्रोत शेजारच्याने मोबाइलवर मोठ्याने रील लावलं, की ते पुढच्या स्टेशनवर उतरून दुसऱ्या डब्यात चढतात. लग्नाच्या पंगतीत कोणी भरल्या तोंडाने बोलू लागलं, की यांचा हात ताटातच थांबतो. आणि व्यासपीठावरून कोणी "आपली थोर संस्कृती" म्हणालं, तर वरणात झुरळ सापडल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

गंमत अशी, की साऱ्या जगाला ज्याची किळस येते त्यात या माणसाने उभी नोकरी काढली. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ते पाणी आणि मलनिस्सारण बघायचे. जत तालुक्यातल्या कोरड्या गावातला मुलगा, टँकरमागे घागर घेऊन पळालेला, इंजिनिअर होऊन दिल्लीत आला आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला लागला. पावसाळ्यात तिथली गटारं तुंबली की बाकीचे साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे राहायचे. टिपणीस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, झाकण सरकवून, आत डोकं घालायचे. "वासावरून कळतं कुठे अडलंय ते," असं म्हणायचे. जिथे आपण स्वतः डोकं घालू शकत नाही तिथे दुसऱ्याला उतरवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यापायी त्यांनी दोन-तीन कंत्राटदारांशी कायमचं वाकडं घेतलं होतं.

घरी आल्यावर अंघोळ करून ते सरळ जेवायला बसायचे. वृंदाबाई नव्याने लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा त्यांना हे जड जायचं. काहीतरी निमित्त काढून त्या उशिरा जेवायच्या. पुढे सवय झाली. मराठी मंडळाच्या लोकांना मात्र कधीच झाली नाही. एका गणपतीत कोणीतरी माइकवरून "आता आरतीला गटारसाहेबांनी पुढे यावं" असं म्हटलं आणि मांडवभर हशा पिकला. टिपणीसही हसले, आरती केली, प्रसाद घेतला. पण त्या दिवसापासून चारचौघांत तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जलव्यवस्थापन."

अशा माणसाला मेक्सिकोला जायचं होतं. का, तर एका फोटोमुळे.

नोकरीच्या मधल्या काळात खात्याने त्यांना रूरकीला ट्रेनिंगला पाठवलं होतं. दुपारचं जेवण झालेलं, अर्धा वर्ग पेंगत होता, आणि पाहुण्या व्याख्यात्याने पडद्यावर एक चित्र टाकलं. जंगलात दगडी कमान, कमानीखालून वाहणारं पाणी. माया लोकांचं पालेंके नावाचं शहर. डोंगरावरून येणारा ओढा त्यांनी दगडी बोगद्यात घातला आणि वर चौक फरसबंद करून टाकला. राजवाड्याच्या शेजारून, लोकांच्या पायाखालून, पाणी खळखळत जातंय आणि वर दरबार भरलाय. हजार-बाराशे वर्षं झाली. राजे गेले, भाषा विस्कटली, झाडांनी शहर गिळलं, पण ते गटार अजून वाहतंय. त्या वर्षी सरोजिनी नगरात टिपणीसांनी स्वतः घातलेली लाइन दुसऱ्याच पावसाळ्यात खचली होती. ते पडद्याकडे बघत राहिले. चित्र बदललं तरी त्यांच्या डोळ्यांसमोरचं हललं नाही.

निवृत्तीनंतर इंदिरापुरमच्या फ्लॅटमध्ये ते रोज पहाटे कॉम्प्युटर उघडून बसायचे. दिल्लीहून युरोपातून मेक्सिको सिटी. तिथे अ‍ॅझ्टेकांचं मोठं देऊळ, ऐन शहरात, रस्त्याखालून खणून काढलेलं. मग तेओतिवाकानचे पिरॅमिड. मग विमानाने व्हियाएर्मोसा, आणि तिथून गाडीने पालेंके. पुढे उश्माल, कारण तिथे नदी नाही, विहीर नाही, आणि तरीही त्या लोकांनी जमिनीखाली चुन्याने लिंपलेल्या टाक्यांत पावसाचं पाणी साठवून शहर जगवलं. मग चिचेन इत्झा आणि परत. प्रत्येक बस, प्रत्येक थांबा त्यांना पाठ होता. फक्त जायचं बाकी होतं, आणि तेवढ्यात त्यांना अटॅक आला. दोन स्टेंट टाकावे लागले.

घरी आल्यावर वृंदाबाईंनी एकच अट घातली. "जा म्हणजे जा, मी नाही म्हणत नाही. पण एकट्याने नाही. ग्रुप हवा."

"तूही चल ना."

"मी येईनच हो. पण आपण दोघं म्हणजे ग्रुप नव्हे."

ग्रुप म्हणजे मंडळ. दुसरा कुठला ग्रुप टिपणीसांच्या आयुष्यात नव्हता. मंडळाचे सचिव श्रीरंग दाते यांना त्यांनी फोन केला. दाते केंद्रातल्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, गोरेपान, आवाज खणखणीत, आणि "नाही" हा शब्द त्यांना माहीतच नाही.

"दिनकरराव, बिल्कुल! एकदम बढिया आयडिया! तुम्ही प्लॅन करा, माणसं मी जमवतो."

माणसं जमली, आणि 'मेक्सिको मौजमजा' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. ते नाव वाचून टिपणीसांच्या घशाशी आंबट आलं. पण पालेंकेचा रस्ता त्याच ग्रुपमधून जात होता, म्हणून ते गप्प बसले. भराभर लोकांचे निरोप जमायला लागले. एकाने पिरॅमिडवर गणपती बसवलेलं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "माया म्हणजे आपला मयासुर! पुरावे आहेत." त्यावर तिसऱ्याने, "बरोबर, मयसभा आपल्या दिल्लीतच, पुराना किल्ल्यात होती. इथूनच गेले ते लोक." खाली हात जोडलेल्यांची रांग. टिपणीसांनी मायांच्या कालगणनेवर, बांधकामावर दोन परिच्छेद लिहून टाकले. त्याला एकच उत्तर आलं, रेवती दाते यांचं, म्हणजे श्रीरंगरावांच्या पत्नीचं : "छान माहिती भाऊजी 👍 तिकडे जैन जेवण मिळतं का? माझी बहीण विचारतेय."

फोन सोफ्यावर टाकून ते म्हणाले, "शी!"

"आता काय झालं?" वृंदाबाई भाजी निवडत होत्या.

"जैन जेवण! हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं शहर बघायला चाललेत आणि विचारतात काय, तर कांदा असतो का!"

"मग उपाशी राहून बघायचं का शहर?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. टिपणीस पुन्हा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

त्यांचा प्लॅन मंडळाने वाळवी खाते तसा खाल्ला. बाहेरून आकार तोच, आत भुसा. दात्यांचा मुलगा आर्यन ह्यूस्टनला असतो, म्हणून जाताना ह्यूस्टन आलं. ह्यूस्टनला गेल्यावर मॉल आले. मॉलसाठी मेक्सिको सिटीतलं देऊळ गेलं, कारण "शहरातलंच आहे ना, बसमधून दिसेल". उश्माल गेलं, कारण नाव कोणी ऐकलं नव्हतं. कानकूनचा समुद्र आला, तिथे वॉटर पार्क आला. दर वेळी दाते म्हणत, "दिनकरराव, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या यार," आणि दर वेळी टिपणीस अ‍ॅडजस्ट करून घेत. पालेंके शाबूत होतं तोवर बाकीचं गेलं तर जाऊ दे, असं ते स्वतःला सांगत. मात्र पालेंकेत नेमकं काय बघायचंय हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, 'अप्रतिम वास्तुकला, भव्य पिरॅमिड.'

जानेवारीत पानिपतची बस निघाली. ती दरवर्षी निघते. संक्रांतीला मंडळाचे लोक काला अंबला जातात, लढाईत पडलेल्या मराठ्यांना वंदन करतात आणि येताना मुरथळच्या ढाब्यावर पराठे खातात. यंदा त्याच सहलीत मेक्सिकोची अंतिम बैठक होती, म्हणून एरवी न येणारे टिपणीसही आले होते.

धुकं इतकं होतं, की बस हायवेवर चाचपडत चालली होती. आत अंताक्षरी सुरू होती. काला अंबला उतरले, स्मारकापाशी फुलं वाहिली, दात्यांनी छोटं भाषण केलं, घोषणा झाल्या. मग अनुराग नावाच्या नोएडातल्या तरुण सभासदाने सगळ्यांना स्मारकापुढे उभं केलं. "काकू, जरा हसा ना! नाही नाही, आधी सीरियस वाला घेऊ, मग हसरा." सीरियस वाला झाला, हसरा झाला. लोक हात चोळत बसकडे पळाले.

टिपणीसांना मळमळायला लागलं. इथे एका दिवसात इतकी माणसं कापली गेली, आणि यांचं हसरा वाला! त्यांनी मान फिरवली आणि तेवढ्यात स्वतःच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. हातात फोन होता. भाषण चालू असताना, घोषणा चालू असताना, ते व्हियाएर्मोसाच्या विमानाच्या वेळा बघत होते. स्मारकावर काय कोरलंय हे त्यांनीही वाचलं नव्हतं. आता वाचावं म्हणून ते दोन पावलं मागे गेले, तर बसचा हॉर्न वाजला.

ढाब्यावर लांबलचक टेबल जोडून मंडळ बसलं. पराठ्यांवर पांढऱ्या लोण्याचे गोळे आले. लोणी वितळून ताटांच्या कडांवरून ओघळायला लागलं, आणि मंडळाचा आवाज चढला.

"एक सांगू का," रेवतीबाई घास चावत म्हणाल्या, "मी यूट्यूबवर बघितलं. ते अ‍ॅझ्टेक लोक म्हणे जिवंत माणसाची छाती फाडून काळीज काढायचे. देवळात! शी, मला तर रात्री झोप लागली नाही. भैया, एक गोभी का और लाना, मख्खन ज़्यादा."

"वहिनी," टिपणीस म्हणाले, "आपण आत्ता कुठून आलो?"

"कुठून म्हणजे? पानिपतहून."

"तिथे काय झालं होतं?"

"अहो, ती लढाई होती भाऊजी! तुम्ही पण ना!"

सगळे हसले. वृंदाबाईंनी टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला.

दात्यांनी चमचा ग्लासवर वाजवला. "चलो, मेक्सिको फायनल करू. दोन मुद्दे आहेत. एक, जेवण. बायकांचं ठाम म्हणणं आहे, की आपला आचारी बरोबर हवा. सूर्यकांत तयार आहे." सूर्यकांत म्हणजे मंडळाच्या गणपतीचा आणि सगळ्या मुंजी-बारशांचा आचारी. त्याच्या मसालेभाताला दिल्लीत तोड नाही असं मानलं जातं. "तिकडच्या हॉटेलांच्या किचनशी बोलणं झालंय. कुकर आपला, मसाले आपले. पहिल्या दिवशी पिठलं-भात!"

टाळ्या पडल्या.

"दोन. पालेंके. ते फार आडबाजूला आहे हो. जंगल, डास, घाटातला रस्ता. ऑपरेटर म्हणतो, ते काढलं तर कानकूनला एक दिवस वाढतो. तर मी म्हटलं, काढू या. पिरॅमिड काय, चिचेन इत्झाला दिसणारच आहे. एक बघितला काय आणि दोन बघितले काय."

टिपणीसांच्या तोंडातला घास फिरला. त्यांनी तो पाण्याबरोबर गिळला. "श्रीरंगराव, पालेंके नाही काढायचं."

"का बरं?"

हीच वेळ होती. सांगायला हवं होतं. टेबलाभोवतालचे सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले, लोण्याने चकाकणारे ओठ, आणि त्यांना तो गणपतीतला माइक आठवला. "वास्तुकला," ते म्हणाले. "तिथली वास्तुकला वेगळी आहे."

"अच्छा. बघू ना पुढच्या वेळी." दाते थोडे पुढे झुकले, आवाज मऊ केला. "आणि दिनकरराव, आता विषय निघालाच आहे तर... राग मानू नका. तिकडची गाडी छोटी आहे. सूर्यकांतला न्यायचं तर एक सीट कमी पडते. आणि तुमचं हे हार्टचं आम्हाला कळलंय. परक्या देशात काही झालं तर? तुम्ही पिरॅमिड चढणार, धाप लागणार, सगळ्या ग्रुपची ट्रिप... म्हणजे तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय. वहिनींची सीट आहेच. वहिनी आल्या तर आम्हाला आनंदच आहे."

टिपणीसांना प्रथम समजलंच नाही. मग समजलं. ज्याने प्लॅन केला त्याला काढून त्याच्या जागी पिठलं बसवलं होतं.

"चिचेन इत्झाला पिरॅमिडवर चढायला बंदी आहे," ते सावकाश म्हणाले. "कोणालाच चढू देत नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं होतं."

"हो का? कोणी वाचलं होतं का रे?" दात्यांनी टेबलाकडे बघितलं. अनुराग म्हणाला, "काका, लंबे मेसेज कोई नहीं पढ़ता यार." पुन्हा हशा. जिलब्या आल्या. पाकात बुडालेली बोटं एकामागून एक तोंडात गेली.

टिपणीस उठून बाहेर आले. तंदूरचा धूर धुक्यात मिसळून खाली बसला होता. ट्रकमागे उघडं गटार होतं, आणि ढाब्याचं तेलकट पाणी त्यात पडत होतं. त्याच्याकडे बघून त्यांना जरा बरं वाटलं.

मागून वृंदाबाई मफलर घेऊन आल्या. "घाला आधी हा."

"त्यांना हार्टचं कोणी सांगितलं?"

वृंदाबाईंनी मफलर त्यांच्या हातात दिला. "मी."

"तू?"

"हो, मी. रेवतीला सांगितलं. ती श्रीरंगरावांना सांगणार हे माहीत होतं मला."

टिपणीसांनी बायकोकडे असं बघितलं, जसं ते आतल्या टेबलाकडे बघत होते. वृंदाबाईंना ते कळलं. त्यांचा आवाज चिरका झाला.

"बघा, बघा माझ्याकडे तसं. सगळ्या जगाची किळस येते ना तुम्हाला, माझीही येऊ दे. पण हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही नव्हता, मी होते. तुम्ही आत झोपला होतात. इथे निदान मला 'डॉक्टर को बुलाओ' म्हणता आलं. तिकडे मी कोणत्या भाषेत ओरडू? आणि तुम्ही चढणार ते उंच उंच दगड. या वयात, त्या उन्हात. मला नाही बघायचं ते."

"मला चढायचंच नाहीये."

"मग पिरॅमिड काय खालून बघणार?"

"मला पिरॅमिड बघायचाच नाहीये, वृंदा."

एक ट्रक मोठा आवाज करत सुरू झाला.

"मग वर्षभर त्या कॉम्प्युटरवर काय बघत होता?"

"गटार," टिपणीस म्हणाले. नोकरी सुटल्यापासून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला होता. "पालेंकेला एक गटार आहे. म्हणजे ओढा आहे, दगडात बांधून काढलेला. राजवाड्याच्या अगदी शेजारून जातो. जमिनीच्या पातळीवर आहे सगळं. चढायचं काही नाही. बाजूला बसून बघायचं. मला फक्त ते बघायचंय, कसं टिकलं ते. राजवाड्यात संडास होते म्हणतात, ते कुठे जोडले असतील तेही."

वृंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "शी! सातासमुद्रापलीकडे संडास बघायला?"

"हो."

"अहो, मग हे सांगायचं ना आधी!"

"कोणाला? त्यांना? हसले असते."

"मला सांगायचं! मी काय त्यांच्यातली आहे?" त्या खरोखर चिडल्या. "सगळं आयुष्य तुमच्या कपड्यांना तो वास येत होता, मी धुतले ते. मला लाज वाटेल असं वाटलं तुम्हाला? वर्षभर पिरॅमिड पिरॅमिड करत बसलात, मी रोज रात्री स्वप्नात तुम्हाला त्या पायऱ्यांवरून पडताना बघत होते!"

टिपणीसांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला. इतका वेळ आतल्या लोकांबद्दल जे पोटात ढवळत होतं, ते आता त्यांच्या स्वतःवरच उलटलं. मंडळाला त्यांनी पिरॅमिड दाखवला, म्हणून मंडळाने पिरॅमिड कापला. आणि हिलाही तोच दाखवला होता.

"वास येतो का त्याला?" वृंदाबाईंनी जरा वेळाने विचारलं.

"आता नाही. झऱ्याचं पाणी आहे. स्वच्छ."

"हं." त्यांनी नाक पुसलं. "मग ग्रुप कशाला हवा? एका गटाराला पंधरा माणसं?"

त्या आत जायला निघाल्या. टिपणीसांनी त्यांना थांबवलं. "मी सांगतो."

आत जिलब्या संपत आल्या होत्या. टिपणीस टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. दात्यांसारखा आवाज त्यांना नव्हता, पण जो होता तो त्यांनी वापरला. "श्रीरंगराव, आमची दोन्ही नावं काढा. मला पालेंकेचं गटार बघायचंय. आम्ही दोघंच जाऊ."

दाते म्हणाले, "गटार? दिनकरराव, दिल्लीत कमी पडली का?"

टेबल हसलं. अपेक्षेइतकंच हसलं. टिपणीस वाट बघत होते, की गणपतीतल्यासारखं आतून काहीतरी आकसेल. तसं झालं नाही. फक्त अनुरागच्या हनुवटीवरून पाक ओघळत होता तो दिसला, आणि ते पाहून नेहमीसारखंच कसंतरी झालं.

"दिल्लीतली दुसऱ्या पावसाळ्यात खचतात," ते म्हणाले. "मी घातलेलीसुद्धा."

"अरे, पण मग सीट रिकामी राहते की एक," दाते घाईने म्हणाले. "वहिनी, तुम्ही तरी—"

"मी नाही," वृंदाबाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर मला काही नाही बघायचं."

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी पुन्हा सुरू झाली. टिपणीस दांपत्य सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसलं. वृंदाबाईंनी नवऱ्याच्या हातून फोन घेतला, चष्मा लावला आणि प्लॅन वरपासून वाचायला लागल्या. आजवर त्यांनी तो उघडलाही नव्हता.

"हे इथे घाटातून गाडीने का? विमान जातं ना जवळपर्यंत?"

"शेवटचा तुकडा गाडीनेच आहे. घाट नाही, सपाट रस्ता आहे. श्रीरंगराव थापा मारतात."

"हॉटेल हॉस्पिटलच्या जवळचं घ्या. आणि हे काय, पालेंकेला इतके दिवस? एका गटाराला?"

"ते वरपासून खालपर्यंत बघायचंय. दोन्ही तोंडं."

"मला समुद्र हवा एक दिवस."

टिपणीसांच्या कपाळावर आठी पडली. मागे कोणीतरी बेसूर गात होतं आणि रेवतीबाई पिशवीतून तिळगूळ वाटत पुढे येत होत्या. टिपणीसांनी फोन परत घेऊन पालेंकेच्या दिवसांतला एक दिवस खोडला आणि समुद्राला दिला.

"दोन द्या," वृंदाबाई म्हणाल्या.

दुसरा मात्र त्यांनी दिला नाही.